६ मे आणि २२ सप्टेंबरला नाव का नाही? जपानी सुट्ट्यांबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की ताई, मी पुण्यात जपानी क्लायंटच्या प्रोजेक्टवर आहे, पुढच्या एप्रिलला नवरा आणि मुलाला घेऊन आइचीला (नागोया शहर आहे तो प्रांत) जातेय, क्लायंटने पाठवलेल्या २०२६ च्या कॅलेंडरवर ६ मे आणि २२ सप्टेंबर लाल आहेत पण त्यांना नावच नाही, आणि ज्यांना नावं आहेत ती पण समुद्र दिवस, डोंगर दिवस, हिरवळ दिवस अशी, तर यांचा नक्की अर्थ काय आणि त्या त्या दिवशी क्लायंटला विश काय करायचं.

ताई म्हटलंयस म्हणून सरळ तू म्हणते. मी २००४ पासून जपानी इंटरप्रिटर म्हणून काम करतेय, त्यातली सात वर्षं तिकडे काढली, आधी कावासाकी आणि मग आइचीच, त्यामुळे तुझ्या प्रश्नावर मला जरा जास्तच बोलायचंय, चहा घेऊन बस.

विश करण्याचं आधी सांगून टाकते कारण आपली पोरं तिथेच अडकतात. विश करायचं नाही. आमच्या टीममधल्या एका उत्साही मुलाने २९ एप्रिलला क्लायंटच्या अख्ख्या टीमला सीसी करून ‘हॅप्पी शोवा डे’ असा मेल टाकला होता, खाली चेरीच्या फुलांचा फोटो वगैरे. सगळी मंडळी सुट्टीवर, उत्तर आलं आठवड्याने, अगदी नम्र, धन्यवाद म्हणून. पण नंतर तिकडच्या मॅनेजरने मला फोनवर हळूच विचारलं की भारतात सम्राट शोवांचा वाढदिवस साजरा करतात का! आपल्याकडे सुट्टी म्हणजे सण आणि सण म्हणजे शुभेच्छा असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, तिकडे १६ सुट्ट्यांपैकी फक्त १ जानेवारीला लोक एकमेकांना शुभेच्छा देतात. बाकी वेळी सुट्टीच्या आदल्या दिवशी ‘योइ रेनक्यू ओ’ म्हण, म्हणजे जोडून आलेली सुट्टी छान जावो, एवढं पुष्कळ झालं.

आता ते बिननावाचे दोन दिवस. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. सुट्टी रविवारी आली तर ती पुढच्या दिवशी मिळते, याला फुरिकाए क्यूजित्सु म्हणतात, बदली सुट्टी समज. हा नियम १९७३ मधे आला आणि अशी पहिली सुट्टी मिळाली ३० एप्रिल १९७३ च्या सोमवारी. २०२६ मधे ३ मे रविवारी आलाय, पण ४ आणि ५ मे आधीच सुट्ट्या आहेत मग बदली द्यायची कुठे, तर पुढचा जो पहिला मोकळा दिवस असेल तिथे, म्हणून ६ मे. ही ‘पहिला मोकळा दिवस’वाली सुधारणा २००७ पासूनची, त्याआधी बदली फक्त सोमवारीच मिळायची. आणि हे लिहून ठेव, शनिवारी आलेली सुट्टी गेली ती गेलीच, तिची बदली नाही. दरवर्षी कोणीतरी मला विचारतं की शनिवारच्या सुट्टीचं काय, काही नाही बाबा, हळहळ व्यक्त करायची.

२२ सप्टेंबर हे सँडविच आहे. दोन सुट्ट्यांच्या मधे एकच दिवस अडकला तर तोही सुट्टी, असा नियम १९८५ ला केला, मुख्यतः ३ आणि ५ मे च्या मधला ४ मे सोडवण्यासाठी. त्याचं सरकारी नाव ‘कोकुमिन नो क्यूजित्सु’ म्हणजे नागरिकांचा सुट्टीचा दिवस, म्हणजे नाव नाहीच म्हण ना. पुढे ४ मे ला स्वतःचं नाव मिळालं त्यामुळे आता हे सँडविच नेहमीच्या वर्षांत फक्त सप्टेंबरमधेच जमतं, आणि तेही शरद संपात, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तो दिवस, तिसऱ्या सोमवारनंतरच्या बुधवारी पडला तरच. असं २००९ ला झालं, मग २०१५ ला आणि आता २०२६ ला. याला लोक सिल्व्हर वीक म्हणतात, मे महिन्यातल्या गोल्डन वीकचा धाकटा भाऊ. मागच्या शनिवार रविवारसकट सलग पाच दिवस ऑफिसं बंद, तेव्हा त्या आठवड्यात रिलीज ठेवला असशील तर आजच हलव.

नावांकडे येऊ. माझं म्हणणं असंय की जपानी सुट्टीचं नाव वाचून काहीही कळत नाही, तारीख वाचावी. कारण ही नावं जवळजवळ सगळी सरकारी रंगसफेदी आहे. युद्ध हरल्यावर, अमेरिकन ताब्याच्या काळात, जुलै १९४८ मधे सुट्ट्यांचा नवा कायदा झाला. त्याआधीच्या सुट्ट्या म्हणजे सगळा सम्राटाचा आणि शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्मातल्या, पूजेअर्चेचा मामला होता, सम्राटाचा वाढदिवस, आधीच्या सम्राटाची पुण्यतिथी, पहिल्या सम्राटाचं राज्यारोहण, नव्या भाताचा नैवेद्य, पूर्वजांची पूजा. नव्या राज्यघटनेत सरकार आणि धर्म वेगळे केले, मग या सुट्ट्या चालेनात. पण लोकांच्या अंगवळणी पडलेल्या तारखा काढायच्या कशा? तर बऱ्याच तारखा ठेवल्या आणि त्यांच्यावर नवी, कोणालाच न बोचणारी नावं चिकटवली. १९४८ ला अशा ९ सुट्ट्या होत्या, वाढत वाढत आता १६ झाल्यात.

सगळ्यात सुंदर उदाहरण २३ नोव्हेंबरचं. नाव काय, किनरो कान्शा नो हि, श्रमाबद्दल कृतज्ञतेचा दिवस. आपल्याला वाटतं कामगार दिन असेल. कायद्यात लिहिलंय की श्रमाचा मान राखावा, उत्पादनाचा आनंद मानावा आणि लोकांनी एकमेकांचे आभार मानावेत. शाळेतली मुलं पोलिसांना, फायर ब्रिगेडवाल्यांना कार्डं बनवून देतात. पण तारीख बघ. २३ नोव्हेंबर म्हणजे नीनामे साइ, सम्राट स्वतः त्या वर्षीचं नवं भात देवांना अर्पण करतो आणि मग स्वतः खातो तो विधी. आणि तो विधी बंद झालेला नाही हं, आजही दरवर्षी त्याच संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत राजवाड्याच्या आवारात होतो, फक्त सुट्टीच्या नावात त्याचा उल्लेख नाही. राजवाड्याच्या आवारात एक छोटं भाताचं शेतही आहे, सम्राट तिथे स्वतः लावणी आणि कापणी करतो. नवा सम्राट गादीवर आल्यावर हाच विधी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर होतो त्याला दाइजोसाइ म्हणतात, सध्याचे सम्राट नारुहितो यांचा नोव्हेंबर २०१९ मधे झाला. माझी आजी कोकणातली, नव्याच्या पुनवेला भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानात बांधून दाराला नवं लावायची, त्यामुळे मला हे कोणी समजवून सांगावं लागलं नाही, मी कावासाकीत बसून मनात म्हटलं अरे हे तर नवान्न.

३ नोव्हेंबर पण असाच. नाव बुंका नो हि, संस्कृती दिवस. त्या दिवशी राजवाड्यात कला आणि विज्ञानातल्या मोठ्या लोकांना संस्कृती सन्मान देतात, बरीच म्युझियम फुकट असतात, कॉलेजांचे फेस्टिव्हल असतात. पण ३ नोव्हेंबर हा सम्राट मेइजींचा वाढदिवस, १८५२ चा, आणि १९२७ पासून १९४७ पर्यंत तो मेइजी सेत्सु म्हणून सुट्टीच होता. आता गंमत बघ, नवी राज्यघटना जाहीर झाली ती तारीख ३ नोव्हेंबर १९४६, आणि ती लागू झाली बरोबर सहा महिन्यांनी, ३ मे १९४७ ला, म्हणून ३ मे हा राज्यघटना दिन. एकाच राज्यघटनेतून दोन सुट्ट्या निघाल्या आणि त्यातली एक जाऊन बसली मेइजींच्या वाढदिवसावर.

२९ एप्रिलची तर कथाच आहे. हा हिरोहितोंचा, म्हणजे सम्राट शोवांचा वाढदिवस. ते १९८९ च्या जानेवारीत गेले. नवे सम्राट अकिहितो यांचा वाढदिवस २३ डिसेंबर, मग २९ एप्रिलची सुट्टी रद्द व्हायला हवी होती, पण मे महिन्यातल्या सलग सुट्टीचं ते पहिलं टोक, ते तोडणार कोण? मग म्हणाले की सम्राटांना झाडाझुडपांची फार आवड होती, म्हणून मिदोरी नो हि, हिरवळीचा दिवस. १८ वर्षं तसं चाललं. मग २००५ ला कायदा बदलून २००७ पासून त्याच तारखेला थेट शोवा नो हि नाव दिलं, आणि हिरवळ बिचारी उचलून ४ मे च्या सँडविचमधे नेऊन ठेवली. शोवाचा काळ म्हणजे त्यात युद्धही आलं, त्यामुळे या नावाला विरोध बराच झाला. कायद्यातलं वाक्य त्यामुळे फार जपून लिहिलंय, उलथापालथीच्या दिवसांनंतर ज्या शोवा काळात देश पुन्हा उभा राहिला त्याकडे मागे वळून पाहावं आणि देशाच्या भविष्याचा विचार करावा, असं काहीसं. आता कळलं ना की आमच्या त्या पोराचा ‘हॅप्पी’ तिथे का बसत नव्हता.

त्याहून नाजूक ११ फेब्रुवारी. जुन्या पुराणकथेप्रमाणे पहिला सम्राट जिम्मू इसवी सनपूर्व ६६० मधे गादीवर बसला, त्याची मेइजी काळात काढलेली तारीख म्हणजे ११ फेब्रुवारी. किगेनसेत्सु नावाने हा मोठा राष्ट्रीय दिवस होता. १९४८ च्या यादीतून तो गाळला गेला. मग परत आणा म्हणून वर्षानुवर्षं मागणी, तितकाच विरोध, आणि विरोध करणाऱ्यांत हिरोहितोंचे सख्खे धाकटे भाऊ राजकुमार मिकासा सुद्धा होते, ते स्वतः इतिहासाचे अभ्यासक, त्यांचं म्हणणं की पुराणकथेला इतिहास म्हणू नका. शेवटी १९६६ ला तडजोड झाली. नावात एक ‘नो’ घातला, केनकोकु किनेन नो हि. म्हणजे ‘स्थापना दिन’ नाही तर ‘देशाची स्थापना झाली या गोष्टीची आठवण ठेवायचा दिवस’. एका षष्ठीच्या प्रत्ययावर भांडण मिटवलं! आणि कायद्यात तारीख लिहिलीच नाही, सरकारी आदेशाने ठरेल असं म्हटलं, आणि आदेशात अर्थातच ११ फेब्रुवारी आली. भाषांतर करणाऱ्या माणसाला हे ‘नो’ प्रकरण पाठच असायला लागतं. तुला एवढंच सांगते की त्या दिवसाबद्दल क्लायंटसमोर मत देऊ नकोस, टोकियोत त्या दिवशी कट्टर राष्ट्रवादी गटांच्या लाउडस्पीकर लावलेल्या काळ्या गाड्या फिरताना दिसल्या तर थांबून फोटो काढत बसू नकोस.

मार्च आणि सप्टेंबरमधले संपात दिवस मला सगळ्यात जवळचे. शुंबुन आणि शूबुन. या दोन सुट्ट्यांची तारीख पक्की नसते, खगोल वेधशाळा हिशोब करते आणि आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरकारी राजपत्रात छापतात, मग ती अधिकृत. साधारण २० किंवा २१ मार्च आणि २२ किंवा २३ सप्टेंबर. २०१२ ला शरद संपात २२ सप्टेंबरला आला तो तब्बल ११६ वर्षांनी. कायदा म्हणतो वसंतात निसर्गाचं कौतुक करा, जीवजंतूंवर प्रेम करा, आणि शरदात पूर्वजांना माना, गेलेल्यांची आठवण काढा. पण लोकांसाठी दोन्ही वेळा एकच गोष्ट असते, हिगान. संपाताच्या आधीचे तीन दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन, असे सात. लोक घरच्या कबरीवर जातात, दगड धुतात, फुलं ठेवतात, उदबत्ती लावतात. हिगान म्हणजे पलीकडचा किनारा, आणि हा शब्द येतो आपल्या पारमितेवरून, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे पोचलेला. सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो, अमिताभ बुद्धाचा सुखावती नावाचा स्वर्गही पश्चिमेला, म्हणून हे दिवस. सप्टेंबरमधला हिगान बऱ्याचदा आपल्या पितृपक्षाच्या आगेमागेच असतो. मी पहिल्या वर्षी घरमालकिणीबरोबर गेले होते, तिने नवऱ्याच्या कबरीवर पाणी ओतलं, त्याला आवडायचा तो कॅन्ड कॉफीचा डबा ठेवला आणि जाताना तो परत पिशवीत टाकून घेतला, म्हणाली कावळे सांडतात. कावळा तिथेही आहेच म्हणजे.

त्या दिवसांत मिळणारी ओहागी नक्की खा. चिकट भाताचा गोळा आणि वरून अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण, आपल्या पुरणासारखं. वसंतात त्यालाच बोतामोची म्हणतात, बोतान म्हणजे पिओनीच्या फुलावरून, आणि शरदात ओहागी, हागी नावाच्या झुडपाच्या फुलावरून. पदार्थ तोच. आणि एक म्हण आहे, गरमी काय थंडी काय हिगानपर्यंतच, ती मीटिंगच्या सुरुवातीच्या गप्पांत टाकलीस तर क्लायंट खुश.

५ मे, मुलांचा दिवस, तुझा मुलगा आहे म्हणून सांगते. मुळात हा तांगो नो सेक्कु, मुलग्यांचा सण. मुलींचा हिनामात्सुरी ३ मार्चला, त्याला सुट्टी नाही, मुलग्यांच्या दिवसाला आहे, यावर माझं तिकडे बऱ्याच जणींशी भांडून झालंय. १९४८ च्या कायद्यात मात्र एक ओळ अशी आहे की मुलांच्या व्यक्तिमत्त्वाचा आदर करावा, त्यांच्या सुखासाठी झटावं, ‘आणि आईचे आभार मानावेत’. हे जपानी लोकांनाच माहीत नसतं. मी हे नवऱ्याला दरवर्षी ५ मे ला वाचून दाखवते. घराघरावर माशांच्या आकाराच्या कापडी पताका, कोइनोबोरी, लागतात, धबधबा चढून जाणारा मासा ड्रॅगन होतो या चिनी गोष्टीवरून, ओकच्या पानात गुंडाळलेली काशिवामोची खातात आणि आंघोळीच्या टबात वेखंडाच्या जातीची लांब पानं टाकतात. सुपरमार्केटमधे पानांची जुडी मिळते, मुलाला आवडेल.

बाकीच्या भराभर. जानेवारीचा दुसरा सोमवार सज्ञान झालेल्यांचा, मुली फुरिसोदे म्हणजे लांब बाह्यांच्या किमोनोत, सगळी सलून पहाटेपासून फुल. सज्ञान वय एप्रिल २०२२ पासून १८ झालं पण बहुतेक गावं समारंभ अजून २० वर्षांच्याच मुलांचा करतात, कारण १८ ला जानेवारीत त्यांच्या एंट्रन्स एक्झाम असतात. २३ फेब्रुवारी सध्याच्या सम्राटांचा वाढदिवस. जुलैचा तिसरा सोमवार समुद्र दिवस, हाही मेइजींचाच, १८७६ मधे ते उत्तरेचा दौरा करून मेइजी मारू नावाच्या जहाजाने २० जुलैला योकोहामाला परतले त्याची आठवण. ते जहाज अजून टोकियोत जपून ठेवलंय. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार क्रीडा दिवस, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं उद्घाटन १० ऑक्टोबरला झालं होतं त्यावरून. सप्टेंबरचा तिसरा सोमवार ज्येष्ठांचा. सरकार त्या वर्षी शंभरी गाठणाऱ्यांना साकेचा चांदीचा प्याला देतं, ही प्रथा १९६३ ला सुरू झाली तेव्हा देशात शंभरीपार १५३ माणसं होती, आता जवळपास लाखभर आहेत, त्यामुळे २०१६ पासून प्याला नुसता चांदीचा मुलामा दिलेला. ११ ऑगस्टचा डोंगर दिवस सगळ्यात नवा, २०१६ चा, आणि याच्यामागे मात्र कुठलाही सम्राट नाही. आधी १२ ऑगस्टचा विचार होता, पण १९८५ ला त्याच तारखेला जपान एअरलाइन्सचं विमान डोंगरावर कोसळून ५२० माणसं गेली होती, त्या दिवशी डोंगराचा आनंद कसा मानणार, म्हणून एक दिवस अलीकडे.

सोमवार सोमवार म्हणतेय ते हॅप्पी मंडे नावाच्या योजनेमुळे. २००० साली दोन आणि २००३ ला आणखी दोन सुट्ट्या तारखेवरून उचलून सोमवारी टाकल्या, लोकांनी तीन दिवस फिरायला जावं म्हणून. फिरायला जातात हे खरं, पण मला ही योजना आवडत नाही. १० ऑक्टोबर गेला आणि ऑलिंपिकशी असलेला धागाच सुटला. सज्ञान दिवस १५ जानेवारीला होता तो जुन्या लहान नववर्षाचा दिवस, तेही गेलं. कॉलेजांमधे सोमवारचे तास इतके बुडतात की सुट्टीच्या सोमवारी लेक्चर ठेवतात.

आणि या हलवाहलवीने एकदा माझंच नाक कापलं गेलंय. ऑलिंपिकसाठी समुद्र, क्रीडा आणि डोंगर या तीन सुट्ट्या २०२० मधे हलवल्या होत्या. ऑलिंपिक पुढे गेलं तसं २०२१ साठी परत हलवल्या, पण तो कायदा पास झाला नोव्हेंबर २०२० च्या शेवटी, तोपर्यंत पुढच्या वर्षीची कॅलेंडरं छापून झालेली. माझ्या टेबलावरचं कॅलेंडर १९ जुलै लाल दाखवत होतं, मी त्यावर बघून क्लायंटबरोबरचं टेस्टिंग २२ आणि २३ जुलैला लावलं. पुण्यात आठ जण सकाळी साडेपाचला लॉगिन करून बसले आणि पलीकडे कोणीच नाही. २२ समुद्र, २३ क्रीडा. इतक्या वर्षांचा अनुभव म्हणून मिरवणारी मी, कोणाला काय सांगणार. तेव्हापासून छापील कॅलेंडर मी फक्त चित्रांसाठी ठेवते, तारखा कॅबिनेट ऑफिसच्या साइटवरच्या यादीतून घेते, तिथे ती फाइल म्हणून डाउनलोडही होते.

आता याची उलटी बाजू, जी तुला जास्त चावेल. ज्या दिवशी खरोखर अख्खा देश थांबतो ते दिवस या यादीत नाहीतच. ओबोन, ऑगस्टच्या १३ ते १६, पितर घरी येतात तो सण, शब्द परत आपलाच, उल्लंबन, पण कायद्याने एक दिवस सुट्टी नाही, कंपन्या आपल्या आपण देतात. नववर्षाची सुट्टी कायद्याने फक्त १ जानेवारी, पण सरकारी ऑफिसं २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद आणि बँका ३१ ते ३. माझ्या पहिल्या डिसेंबरमधे मला हे माहीत नव्हतं, माझ्या कार्डाच्या बँकेची एटीएमसुद्धा बंद, ३ तारखेपर्यंत मी २३०० येन आणि आईने दिलेल्या मेतकूटावर काढले. ख्रिसमसलाही सुट्टी नाही, केक आणि तळलेलं चिकन तेवढं असतं. गंमत म्हणजे १९२७ ते १९४७ या काळात २५ डिसेंबरला सुट्टी होती, पण येशूसाठी नाही, सम्राट ताइशो त्या तारखेला गेले म्हणून! आणि जून महिना, पावसाने चिंब आणि सुट्टीच्या बाबतीत ठणठणीत कोरडा, एकही नाही.

नववर्षाच्या शुभेच्छांचं एक पथ्य. ३१ डिसेंबरपर्यंत ‘योइ ओतोशि ओ’, आणि ‘आकेमाशिते ओमेदेतो गोझाइमास’ फक्त १ तारखेनंतर. ज्यांच्या घरात त्या वर्षी कोणी गेलंय ते मोचूमधे असतात, म्हणजे आपल्याकडे वर्षभर सण करत नाहीत तसंच, ते डिसेंबरच्या आधीच कार्ड पाठवून कळवतात की यंदा आमच्याकडून शुभेच्छा नाहीत. अशा माणसाला ‘ओमेदेतो’ म्हणायचं नाही, ‘यंदाही लोभ असावा’ अशा अर्थाचं ‘कोतोशिमो योरोशिकु’ म्हणायचं.

आता आइचीचं. तुझा क्लायंट गाड्यांचे पार्ट्स बनवतो म्हणालीस, तर वरचं सगळं ज्ञान बाजूला ठेव आणि पहिल्या दिवशी कंपनीचं कॅलेंडर माग. त्या भागात तोयोता कॅलेंडर नावाची गोष्ट आहे, कारखाना मधल्याअधल्या सुट्ट्यांना चालू राहतो आणि ते दिवस गोळा करून मे, ऑगस्ट आणि नववर्षाला जोडून मोठी सुट्टी देतात, आणि त्यांना माल देणाऱ्या शेकडो कंपन्याही त्याच तालावर. कायद्याने खासगी कंपनीने या १६ सुट्ट्या द्यायलाच पाहिजेत असं काही नाही, कामगार कायदा फक्त आठवड्याला एक सुट्टी किंवा चार आठवड्यांत चार एवढंच म्हणतो. टोकियोतली मैत्रीण ‘आम्ही कॅलेंडरप्रमाणे’ म्हणेल, तुझं तसं असेलच असं नाही. आणि पाळणाघर आणि शाळा मात्र देशाच्या कॅलेंडरवर चालतात. म्हणजे ११ फेब्रुवारीला तुला ऑफिस आणि पोराला सुट्टी. काही पाळणाघरं सुट्टीच्या दिवशीही मुलं घेतात पण त्याचा वेगळा फॉर्म असतो, वॉर्ड ऑफिसमधे आधीच विचार, नवऱ्याची तिकडे नोकरी नसेल तर प्रश्नच मिटला.

रजेचंही बघून घे. तिकडच्या कंपनीत जॉइन होणार असशील तर कायद्याप्रमाणे पगारी रजा सहा महिन्यांनी मिळते, ८० टक्के हजेरी असेल तर १० दिवस, म्हणजे एप्रिलला गेलीस तर ऑक्टोबर. काही कंपन्या आधी देतात, ऑफर लेटर नीट वाच. इथल्या कंपनीकडून डेप्युटेशनवर जाणार असशील तर रजा इथल्या नियमाने आणि सुट्ट्या तिकडच्या, यात गणपती आणि दिवाळी दोन्ही जातात, गणपती तिकडे मंडळाची मंडळी शनिवार रविवार बघूनच करतात. पोराला घेऊन गोल्डन वीकमधे कुठे जायचं असेल तर हॉटेलं दुप्पट महाग, आणि गोल्डन वीक, ओबोन, नववर्ष या तिन्ही गर्दीच्या वेळी नोझोमी शिन्कान्सेनचे, म्हणजे सगळ्यात वेगवान बुलेट ट्रेनचे, सगळे डबे रिझर्व्हेशनचे असतात, आयत्या वेळी चढून जागा मिळेल हे विसर. तिकीट महिनाभर आधी सकाळी १० ला उघडतं, म्हणजे २९ एप्रिलचं २९ मार्चला, आणि तेव्हा तू पुण्यात बॅगा भरत असशील, तर पहिल्या वर्षी नागोयातच राहा, ५ मे ला मुलाला घेऊन नदीकाठी कोइनोबोरी बघायला जा.